वाचनाचा खाडा

मैत्रिणींनो, दुधाचा हिशेब तुम्ही कुठे मांडता? बहुतेकींचा तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच असतो. दूध आलं नाही की त्या दिवसाच्या चौकटीत फुली. कामाच्या मावशींचे खाडे तिथेच, गॅसचा नवा सिलिंडर लावल्याची तारीख तिथेच, आणि भिशीचा दिवसही तिथेच. माझ्या कॅलेंडरवर गेली चार वर्षं आणखी एक खूण असते. पुस्तक वाचून संपलं, की त्या तारखेच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात 'पु' असं लिहिते. यंदाच्या मे महिन्याच्या पानावर फुल्या पुष्कळ होत्या. 'पु' मात्र एकच.

तुम्ही म्हणाल, मे महिन्यात घरच्या बाईनं एक पुस्तक वाचलं हेच खूप झालं! त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? आमच्याकडेही सगळे असंच म्हणाले. पण मला वाईट वाटलं, अगदी खरंखुरं वाईट वाटलं. आणि ते का वाटलं, हेच तुम्हाला सांगायचं आहे. कारण हा खाडा माझ्या एकटीचा नसावा, असा मला दाट संशय आहे.

वर्षाला ३६ पुस्तकं, हा माझा नेम. आपण चातुर्मासात एखादा नेम धरतो ना, तसाच. फक्त हा बाराही महिन्यांचा. आता हा आकडा आला कुठून? आम्ही साताऱ्याला राहतो. इथल्या ज्या वाचनालयाची मी सभासद आहे, तिथे पुस्तक दहा दिवसांसाठी मिळतं. दहा दिवसांना एक, म्हणजे महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला ३६. "तुझा आणि पुस्तकांचा छत्तीसाचा आकडा आहे म्हणायचं!" असं म्हणून आमच्या 'ह्यां'नी पहिल्याच वर्षी हसून घेतलं होतं.

आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण हिशेब करून बघा. मी तासाला साधारण पंचवीस पानं वाचते. पुस्तक दोनशे पानांचं धरलं, तर तीन पुस्तकांची सहाशे पानं. त्याला लागतात चोवीस तास. महिन्याचे तीस दिवस धरले, तर रोजची अठ्ठेचाळीस मिनिटं. तासभरसुद्धा नाही! दोन शिट्ट्यांनंतर कुकर मंद करून ठेवायचा आणि तो गार होईपर्यंतची वेळ, दुपारची आवराआवर झाल्यानंतरची निवांत वेळ, असं जोडत गेलं की होऊन जातं. जानेवारीत तीन झाली, फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये मुलीच्या परीक्षेमुळे दोन, आणि एप्रिलमध्ये पुन्हा तीन. एक मे उजाडला तेव्हा माझी बारा पुस्तकं बिनचूक झालेली होती. ना उधार, ना शिल्लक.

आणि मग मे महिना आला.

पहिल्या आठवड्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला आलेला एक कोवळा मास्तर, ती माणसं, त्यांची मेंढरं, आणि शेवटी दुष्काळानं ओस पडत जाणारी वाडी. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला पसरलेला तो माणदेश. बाहेर ऊन असं रणरणत होतं, की पुस्तकातला उन्हाळा आणि खिडकीबाहेरचा उन्हाळा एकच वाटावा. पाचव्या दिवशी पुस्तक संपलं. कॅलेंडरवर 'पु' लिहिलं आणि मनात म्हटलं, यंदा मे महिनाही साधणार!

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या, दोन मुलांना घेऊन. त्यांच्या स्वागताला म्हणून मी वाचनालयातून एक गाजलेली जाडजूड कादंबरी आणून ठेवली होती. सुट्टी आहे, सावकाश वाचू, असा बेत. सहाशेच्या वर पानं, चार पिढ्यांची गोष्ट आणि पात्रं तर किती! दोन दिवसांनी पुस्तक हातात घ्यावं, तर हा दत्तू म्हणजे थोरल्याचा मुलगा की धाकट्याचा जावई, हे आठवेना. मग आठ पानं मागे जायचं. चार पानं पुढे सरकते न सरकते तोच "मामी, आंबा कापून दे ना!" अशी हाक यायची. महिन्याच्या शेवटी मी ९२व्या पानावर होते. पुस्तक वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्याला सलग वेळ हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

तिसरं पुस्तक पुतण्यानं वाढदिवसाला दिलेलं. आयुष्यात यशस्वी कसं व्हावं, याबद्दलचं इंग्रजीवरून केलेलं मराठी. त्यात पहिल्याच प्रकरणात सांगितलंय, की पहाटे पाचला उठावं आणि तो शांत वेळ स्वतःला द्यावा. मी रोज साडेपाचला उठते हो! पण दारात दूध येतं, पाणी साडेसहाला जातं, आणि डबा सातला भरावा लागतो. त्या लेखकाच्या घरी पाणी कोण भरत होतं, ते त्यानं लिहिलेलं नाही. अठ्ठावीस पानांनंतर ते पुस्तक मी आदरपूर्वक कपाटात ठेवलं.

मध्येच एक लग्न झालं, त्या प्रवासात पुस्तक आहेराच्या साड्यांखाली पिशवीच्या तळाशी गेलं आणि तिथेच राहिलं. आणि गंमत ऐका. पाहुण्यांना महाबळेश्वर दाखवायचं म्हणून आम्ही सगळे एका गाडीतून निघालो. वाईवरून पसरणीचा घाट चढलो, पाचगणी मागे टाकली, आणि वाटेत भिलार लागलं. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते आधीपासून माहीत होतंच. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालंय. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं मांडलेली आहेत. कोणीही जावं, बसावं आणि वाचावं. एका घराच्या पडवीत खुर्चीवर बसून मी एक कथासंग्रह उघडलासुद्धा. पण गाडीत धाकट्याला मळमळत होतं, मोठ्याला घोड्यावर बसायचं होतं आणि ड्रायव्हरला वेळेत परतायचं होतं. पुस्तकांच्या गावात मी वीस मिनिटं थांबले, आणि त्यातली दहा लिंबू-साखर शोधण्यात गेली!

तर अशी सगळी मिळून महिनाभरात अडीचशे पानं झाली. हवी होती सहाशे.

जूनच्या पहिल्या तारखेला सगळे पांगल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझ्या वाचनाची हक्काची वेळ दुपारची. मेच्या एकतीस दुपारी गेल्या कुठे? अठरा पाहुण्यांच्या सरबराईत, पाच कुरडया, पापड्या आणि साखरांब्यात, चार लग्नात आणि प्रवासात. उरल्या चार, त्या माझ्या. म्हणजे 'बनगरवाडी'ची दुपार सोडली, तर काहीच नाही म्हणा ना! रात्रीचं विचारू नका. रात्री दुसऱ्या पानावर पुस्तक नाकावर पडतं.

आता गैरसमज करून घेऊ नका. वन्सं आल्या याचं मला दुःख नाही. बिचारी वर्षभर तिकडे राबते. माहेरी आल्यावर अठरा दिवस आयतं ताट मिळालं तर तिचा तो हक्कच आहे. कुरडया घरच्यांनीच खायच्या आहेत. लग्न तर आपल्या माणसाचं. एकेक दुपार बघितली तर एकही वाया गेलेली नाही. पण सत्तावीस दुपारी गेल्या आणि त्या गेल्याचं घरात कोणाच्याही लक्षात आलं नाही, हे मला लागलं.

समजूत घालायला मात्र सगळे पुढे. थोरल्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पुस्तकं काय पळून जातायत? मुलांची सुट्टी पळून जाते." हे म्हणाले, "तुझी काय कोणी परीक्षा घेणार आहे का?" भिशीतली एक मैत्रीण जरा गंभीरपणे म्हणाली, "वाचायचं ते आनंदासाठी. मोजायचं कशाला? आकडा काढून टाक, हलकं वाटेल."

या शेवटच्या सल्ल्यावर मी खूप विचार केला. ऐकायला तो फार शहाणपणाचा वाटतो. पण खरं सांगू? मला तो पटला नाही. आपल्या घरात काय काय मोजलं जातं ते आठवा. दुधाचे लिटर मोजले जातात, गॅस किती दिवस पुरला ते मोजलं जातं, मुलांचे मार्क मोजले जातात, ह्यांची उरलेली रजा मोजली जाते. म्हणून त्यात कमी पडलं की लगेच कळतं आणि कोणीतरी विचारतं. बाईचा वेळ तेवढा कोणी मोजत नाही. मग तो कोणालाही, कितीही देता येतो. माझ्याकडे तो आकडा नसता, तर मे महिना 'छान गेला' एवढंच मी म्हटलं असतं. त्या आकड्यानं मला विचारलं, "बाई गं, तुझ्या दुपारी कुठे गेल्या?" एवढं विचारणारं घरात दुसरं कोण आहे?

आपला वेळ कसा जातो याची पाहणी आता सरकारही करतं. २०२४ सालच्या देशभरच्या पाहणीत असं दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे आपली पावणेपाच तासांहून अधिक, आणि त्यांचा जेमतेम दीड तास. मधला फरक २०१ मिनिटांचा. मला त्यातली फक्त अठ्ठेचाळीस हवी आहेत. भांडण नको, मोर्चा नको, अठ्ठेचाळीस मिनिटं!

हे सगळं मी मनातल्या मनात घोळवत होते, तेवढ्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. दुपारी सासूबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. त्या आता एकोणऐंशीच्या आहेत. कॅलेंडरवर एकादशी कधी आहे ते रोज बघतात. बघता बघता म्हणाल्या, "तुझं या महिन्यात एकच झालं ना गं?"

मी चकित झाले. "अहो आई, तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नसायला काय झालं? चार वर्षं बघतेय. मार्चमध्ये दोन झाली होती. आता एकच." आणि मग खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "आमच्या वेळी बरं होतं. मोजायला काही नव्हतंच."

सासूबाई सातवी पास. पहिल्या नंबरानं. पुढे शाळा बंद झाली आणि लवकरच लग्न. सासर मोठं, खटल्याचं. वाण्याकडून सामान आलं की पुड्या सोडायचं काम त्यांच्याकडे. "पुडीचा कागद हातानं सरळ करायचा, चुलीपाशी बसून वाचायचा आणि मग चुलीत घालायचा. कधी बातमी असायची, कधी गोष्ट असायची. गोष्ट असली की नेमकी फाटलेली. पुढं काय झालं ते कधी कळायचंच नाही." मी विचारलं, "आणि पुस्तक?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोथ्या सोडल्या, तर सबंध पुस्तक एकही नाही. नंतर वेळ मिळाला तेव्हा डोळे गेले."

मैत्रिणींनो, चोवीस वर्षं मी या घरात आहे. त्यांच्या हातची पुरणपोळी मला येते, त्यांच्या पायाला कोणतं तेल लागतं ते मला ठाऊक आहे. पण हे मला ठाऊक नव्हतं, कारण हे विचारायची कोणालाच कधी गरज पडली नव्हती.

आपल्या आधीच्या बायकांनी अक्षरांसाठी काय काय सोसलं, ते आपण वाचलेलं असतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली लिहिलं. पती शिकवत होते, पण घरातल्या बायकांना सुनेचं शिकणं खपत नव्हतं, आणि ती बोलणी रमाबाई मुकाट्यानं ऐकून घेत होत्या. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या दुकानात बसून घरच्यांच्या नकळत लिहीत होत्या. ते लेखन पुढे १९८६ साली 'जिणं आमुचं' या पुस्तकाच्या रूपानं आलं. हे सगळं वाचून आपण हळहळतो आणि पुस्तक मिटतो. आणि इकडे आपल्याच घरात, आपल्याच चुलीपाशी, अर्ध्या फाटलेल्या गोष्टी तशाच राहिलेल्या असतात.

त्या दिवशी मी ठरवलं. दुपारी तीन ते चार, पुस्तक मोठ्यानं वाचायचं. पुस्तकही ठरवून निवडलं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. लग्न होऊन आल्या तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते त्या सासरी आल्यावर, नवऱ्याकडून शिकल्या. म्हणूनच की काय, त्यांची भाषा समोर बसून बोलल्यासारखी आहे. ऐकायला अगदी गोड. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे प्रसंग आले तेव्हा सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगदी आमच्या आत्याबाई!" म्हणाल्या, आणि मग आत्याबाईंच्या गोष्टीत अर्धा तास गेला.

घरच्यांची थोडी कुरकुर झाली. तीन ते चार या वेळात हाक मारायची नाही, असं मी सांगून ठेवलं. मी एकटीच वाचत असते, तर पाचव्या दिवशी ते मोडलं असतं. पण "आई ऐकतायत" म्हटल्यावर कोणाची प्राज्ञा नाही! दाराची बेल मुलगी बघते. रविवारी चारचा चहा हे करतात. साखर जास्त पडते, पण आम्ही दोघी काही बोलत नाही.

आता तुमच्यातली एखादी हुशार मैत्रीण विचारील, "अहो, मोठ्यानं वाचायला वेळ जास्त लागतो ना? मग तुमच्या आकड्याचं काय?" बरोबर आहे. मनात वाचताना तासाला पंचवीस पानं होतात, मोठ्यानं वाचताना पंधराच. त्यात आत्याबाई येतात. आज जूनची वीस तारीख; पंधरा दुपारी मिळाल्या आणि सव्वादोनशे पानं झाली. पुस्तक मोठं आहे, जून त्यातच जाणार. मी बारा अधिक एक अशा तेरावर अडकले आहे. उरलेल्या सात महिन्यांत तेवीस व्हायला हवीत, म्हणजे दर महिन्याला तीन, आणि दोन महिन्यांत एकेक जादा. जूनमध्ये तीन होणार नाहीत हे उघड आहे.

तरीही आकडा मी खाली आणणार नाही. तूट दिसू दे. ती दिसते म्हणून तर भरायची आठवण राहते.

ती भरून काढायला मी काय करते आहे, तेही सांगते. कदाचित तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक महिना बघून निवडायचं. पाहुण्यांचे, सणावाराचे दिवस असतील तेव्हा तुकड्या-तुकड्यानं वाचता येईल असं पुस्तक घ्यावं. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' घ्या, पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' घ्या; एका बैठकीला एक माणूस भेटतं आणि पूर्ण भेटतं. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या एकेका व्यक्तीवर वेगळा लेख आहे. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त तर चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख आहे. ते वर्षभर उशाशी ठेवावं. चार पिढ्यांची जाडजूड कादंबरी पावसाळ्यासाठी राखावी. पाऊस लागला की पाहुणे कमी आणि कपडे वाळत नसले, तरी दुपारी मोकळ्या.

दुसरी गोष्ट, पन्नास पानांपर्यंत पुस्तकानं धरलं नाही, तर ते निःसंकोच परत करावं. पानात वाढलेलं टाकू नये हे खरं, पण तो नियम पुस्तकाला लावू नये. नावडत्या पुस्तकापायी आवडतं पुस्तक ताटकळत राहतं.

तिसरी गोष्ट, पुस्तकाची जागा. उशाशी ठेवलेलं पुस्तक झोपेला बळी पडतं. माझं आता स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांच्या वरच्या फळीवर असतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. दूध तापेपर्यंत दोन पानं होतात. फक्त दुधावर एक डोळा ठेवा!

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरात कोणीतरी एक साक्षीदार करा. सासूबाई असोत, मुलगी असो, शेजारीण असो. आपलं पुस्तक कुठपर्यंत आलं, हे विचारणारं एक माणूस असलं की वाचायला बळ येतं. माझी साक्षीदार चार वर्षं माझ्याच घरात गुपचूप बसलेली होती.

३१ डिसेंबरला माझी ३६ होतील का? सांगता येत नाही. बत्तीस झाली तर बत्तीस लिहीन, आणि चार कमी पडली असंही लिहीन. पण 'स्मृतिचित्रे' संपेल त्या दिवशी 'पु' लिहिण्यासाठी पेन मी सासूबाईंच्या हातात देणार आहे. ते सबंध वाचलेलं पुस्तक त्यांचंही असेल, आणि त्यांच्या हिशेबातलं ते पहिलं असेल.

तुमचा आकडा किती आहे? नसेल, तर एक ठरवा. सहा असो नाहीतर बारा. तो मोठा हवा असं काही नाही, तो लिहिलेला हवा. आणि एखाद्या महिन्यात खाडा पडला, तर त्या खाड्याची दखल घ्या. "चालायचंच" म्हणून पान उलटू नका.

बराय मैत्रिणींनो, तीन वाजत आले. काल एका नाजूक जागी आम्ही थांबलो आहोत, आणि सासूबाई चष्मा लावून केव्हाच्या येऊन बसल्या आहेत. ऐकायला चष्मा कशाला लागतो, कोण जाणे! पण पुढं काय झालं, ते त्यांना कळायला हवं.